पोपट पिसं उपटतोय, दांडीवरून पडतोय: दुःख की आजार?

डॉक्टर, नमस्कार.

आमच्या घरी बंड्या नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. वय नऊ वर्षं. मुलानं कॉलेजात असताना हौसेनं आणला आणि त्याचं सगळं तोच बघायचा. रोज सकाळी पिंजरा गच्चीवर न्यायचा, भाज्या चिरून द्यायचा, स्प्रेनं अंघोळ घालायचा. जूनमध्ये मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला. माझे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून पिंजरा आता हॉलला लागून असलेल्या गॅलरीत असतो. तिथे काचा लावून घेतल्या आहेत, ऊन छान येतं. खायला सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे आणि आम्ही चहा घेताना चहात बुडवलेली पोळी. ती त्याला फार आवडते.

गणपतीनंतर त्यानं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. आता छाती उघडी पडली आहे. दिवसातून कितीतरी वेळा मुलाच्या आवाजात "आई, येतो गं" म्हणतो, तेव्हा माझ्याच पोटात कालवतं. गेल्या आठवड्यात तो दांडीवरून खाली पडला, पंख थरथरत होते, मिनिटभरानं उठून बसला. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. सगळे म्हणतात, त्यानं मुलाचा ध्यास घेतला आहे. शेजारच्या काकूंनी छातीला हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगितलं. दिरांचं म्हणणं, जोडीला दुसरा पोपट आणा. नणंद म्हणते, कुणाला तरी देऊन टाका. सासूबाईंना दमा आहे, त्यांचा खोकलाही वाढला आहे. मुलानं पोपटाची सरकारी नोंदणी केली होती की नाही, तेही मला नक्की ठाऊक नाही. मी काय करू?

एक वाचक, नाशिक

———

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला पडण्याचा भाग वाचल्याबरोबर ईमेलनं दोन ओळी पाठवल्या होत्या: बाकी सगळं बाजूला ठेवा आणि बंड्याला लगेच पशुवैद्याकडे न्या. तुम्ही नेलं असेल अशी आशा आहे. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असा पोपट आता आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, आणि तो आजारी पडला की घरातली माणसं त्याच्या मनाचा विचार आधी करतात, शरीराचा नंतर. हा क्रम उलटा हवा.

बंड्याला तुमच्या मुलाची आठवण येत असेल यात मला शंका नाही. हे पक्षी माणसाला जीव लावतात. पण दुःखानं पक्षी दांडीवरून पडत नाही. दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा पडणं आणि पंख थरथरणं म्हणजे झटका, आणि आफ्रिकन ग्रेला झटका आला की माझ्या मनात पहिली शंका रक्तातल्या कॅल्शियमची येते. इतर पोपटांपेक्षा या जातीत हा त्रास खूपच जास्त दिसतो. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की शरीरानं हाडांतून ते काढून भरपाई करायची असते. ग्रेच्या शरीराला ते वेळेवर जमत नाही. मग अशक्तपणा, तोल जाणं, पायांची पकड सुटणं, आणि कमतरता वाढली की सरळ आकडी. घाबरला किंवा उत्तेजित झाला की आकडी येण्याची शक्यता आणखी वाढते.

आता तुमचंच पत्र माझ्या बाजूनं वाचून बघा. जूनमध्ये मुलगा गेला, हे खरं. पण त्याच दिवशी गच्चीवरचं ऊन गेलं, चिरलेल्या भाज्या गेल्या आणि अंघोळही गेली. बंड्याच्या आयुष्यातून एक माणूस गेला आणि त्या माणसाबरोबर त्याचा सगळा आहार-विहार गेला. घरातल्यांना पहिली गोष्ट दिसली, कारण ती आपल्यालाही दुखते. उरलेल्या गोष्टी कुणाच्या लक्षात आल्या नाहीत.

त्या गॅलरीबद्दल आधी बोलू, कारण मला वाटतं खरी मेख तिथेच आहे. काचेतून येणारं ऊन उबदार असतं, उजेड भरपूर असतो, म्हणून आपल्याला वाटतं की पक्ष्याला ऊन मिळतं आहे. पण अन्नातलं कॅल्शियम शरीरात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला उन्हातले यूव्ही-बी नावाचे अतिनील किरण लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणजे जूनपासून बंड्या दिवसभर उजेडात बसला आहे, पण त्याला हवं ते ऊन मिळालेलं नाही. मायकेल स्टॅनफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी पाळीव ग्रे पोपटांवर जे काम केलं, त्यात यूव्ही-बी दिवे लावल्यावर या पक्ष्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचं दिसलं होतं. ही जात ऊन आणि आहार या दोन्हींवर किती अवलंबून आहे, ते त्यातून कळतं.

त्यात वाटीत काय आहे? सूर्यफुलाच्या बीमध्ये कॅल्शियम अगदी कमी, फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट, आणि जवळजवळ अर्धं वजन तेलाचं. अ जीवनसत्त्व नसल्यासारखंच. शेंगदाण्याची गत फार वेगळी नाही, शिवाय दाणे खवट किंवा बुरशी आलेले असतील तर धोका आणखी मोठा. ग्रेच्या फुप्फुसांना अॅस्परजिलस नावाची बुरशी फार लवकर पकडते आणि ओलसर जागी ठेवलेले दाणे हे तिचं आवडतं घर. वाटीतल्या बिया निवडून खाल्ल्या, टरफलं टाकली, तुम्हाला वाटलं पोट भरलं. पोट भरलं, पोषण झालं नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगायचं ते लिहून ठेवा. कधी पडला, किती वेळ थरथरला, शुद्धीवर होता का, त्याआधी काय चाललं होतं. मोबाइलवर व्हिडिओ मिळाला तर फार उत्तम, त्यातून आम्हाला वर्णनापेक्षा जास्त कळतं. रक्ताची तपासणी करताना आयोनाइज्ड कॅल्शियम मोजता येईल का, हे आवर्जून विचारा. एकूण कॅल्शियमचा आकडा कधीकधी ठीक दिसतो आणि पक्ष्याला तरी आकडी येते, कारण शरीराच्या कामी येणारा भाग आयोनाइज्डच असतो. शिसं आणि जस्त यांची शंकाही बोलून दाखवा. पिंजऱ्याची जाळी जस्ताचा मुलामा दिलेली आहे का, गॅलरीत जुना रंग सुटतो आहे का, पडद्याच्या खालच्या पट्टीत शिशाची वजनं आहेत का, हे घरून बघून जा. चोचीनं खरवडून पोटात गेलेला धातूही अशीच आकडी आणतो, आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

माझी एक कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानातून माणसांचं कॅल्शियमचं सिरप किंवा ड जीवनसत्त्वाची पुडी आणून अंदाजानं पाजू नका. गरज असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतील आणि पुढचा डोस वजनावर ठरवतील. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर पक्ष्याच्या मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

तोवर घरी पिंजऱ्यातल्या उंच दांड्या काढून एकच दांडी तळापासून वीतभर उंचीवर लावा आणि तळाला जुना टॉवेल अंथरा. नाशिकची थंडी आता सुरू झाली आहे, रात्री पिंजरा गॅलरीत न ठेवता आतल्या खोलीत घ्या. पुन्हा झटका आला तर हात घालून उचलायची घाई करू नका, चोचीत पाणी घालू नका. दिवा मंद करा, आवाज बंद करा, टॉवेलवर तो स्वतःला इजा करून घेत नाही ना एवढं पाहा आणि शांत झाल्यावर लगेच निघा. नेताना टॉवेलमध्ये गुंडाळावं लागलं तर छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो.

पक्ष्यांचा डॉक्टर मिळणं ही आपल्याकडे अजून खरी अडचण आहे. बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. तुमच्या शहरात कुणी पक्षी नियमित बघत नसेल तर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं किंवा मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तिथे फोन करून पक्ष्यांचं काम कोण बघतं ते विचारा. जवळच्या डॉक्टरांनाही त्यांच्याशी बोलता येईल.

आता पिसांकडे येऊ. आधी एक गोष्ट नीट निरखून बघा: बंड्याच्या डोक्यावरची पिसं कशी आहेत? छाती उघडी आणि डोकं मात्र भरलेलं, गुळगुळीत असेल तर पिसं तो स्वतः उपटतो आहे, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गळत असतील, नवीन येणारी पिसं वाकडी, चिमटल्यासारखी असतील, राखाडी अंगावर भलत्या ठिकाणी लाल पिसं उगवत असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा. पोपटांमध्ये चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग असतो, पीबीएफडी म्हणतात त्याला, आणि रक्ताच्या पीसीआर तपासणीत तो कळतो. नऊ वर्षं एकट्यानं राहिलेल्या पक्ष्यात त्याची शक्यता कमी, पण तपासून मोकळं व्हावं.

पिसं उपटण्याला एकच कारण क्वचित असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की त्वचा कोरडी होते, खाज येते. पोटातले परोपजीवी, यकृताचा त्रास, छातीत आत कुठे दुखणं, यातल्या कशानंही पक्षी त्याच जागी चोच मारत राहतो. बंड्याच्या बाबतीत मला एक सांगा: पिसं आधी गेली की तो आधी एकदा कधी छातीवर आपटला होता? ग्रे अंगानं जड असतो, पंख फार आखूड कापलेले असतील तर उडायला जातो आणि दगडासारखा फरशीवर येतो. छातीच्या हाडावर जखम होते आणि तो ती कुरतडत बसतो. डॉक्टरांना छाती मुद्दाम बघायला सांगा.

कोरडेपणाही लक्षात घ्या. या पक्ष्याचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली दमट जंगलं, घानापासून कॅमेरून, काँगो ते युगांडापर्यंत. तिथे तो तेलताडाची फळं खातो, जी अ जीवनसत्त्वानं गच्च भरलेली असतात, आणि मध्य आफ्रिकेतल्या झांगासारख्या जंगलातल्या मोकळ्या पाणथळ जागांवर थव्यानं उतरतो. पावसात भिजणं तर रोजचंच. आपल्या दख्खनच्या पठारावर पावसाळा सरला की हवा किती कोरडी होते, ते आपल्याच ओठांना कळतं. म्हणून मुलगा घालायचा ती अंघोळ पुन्हा सुरू करा. कोमट साधं पाणी, बारीक फवारा, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसा वाळायला वेळ मिळेल. साबण नाही, कसलाही अर्क नाही. तोंडावर फवारू नका, वरून पावसासारखं पडू द्या. आकडीचं निदान होऊन उपचार सुरू झाल्यावरच हे करा, आता तो घाबरेल.

हळद-खोबरेल मात्र अजिबात लावू नका. काकूंचा हेतू चांगला आहे, पण तेल लागलं की पिसं एकमेकांना चिकटतात आणि ऊब धरून ठेवत नाहीत. शिवाय तो चोचीनं ते सगळं खाणार, आणि चिकट जागा साफ करायला आणखी उपटणार.

आहार बदलायचा आहे, पण एका दिवसात नाही. ग्रे हट्टी आणि नव्या गोष्टींना घाबरणारा असतो. नेहमीचं खाणं अचानक बंद केलं तर नवं खाण्याऐवजी उपाशी राहील. त्यासाठी आधी ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर छोटी दांडी बसवा आणि रोज सकाळी, खाण्याआधी, त्याचं वजन वहीत लिहा. आफ्रिकन ग्रेचा काँगो हा प्रकार साधारण 400 ते 550 ग्रॅमचा असतो, पण बंड्यापुरता महत्त्वाचा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा. त्यात दहा टक्के घट झाली तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. पक्षी आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अगदी शक्ती संपेपर्यंत तो धडधाकट असल्याचा आव आणतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी आज सकाळी आजारी पडलेला नसतो. वजनकाटा ती गोष्ट कितीतरी आधी सांगतो. जोडीला शीट बघायची सवय लावा. पिंजऱ्याखाली पांढरा कागद घाला, म्हणजे दिसेल: घट्ट हिरवट-तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर यकृताची तपासणी हवी.

रोजच्या खाण्याचा मोठा भाग पोपटांसाठी बनवलेल्या पेलेटचा, म्हणजे तयार खाद्यगोळ्यांचा असावा, निदान निम्मा. ते आपल्याकडे मिळतात, महाग आहेत, पण मला त्यात काटकसर पटत नाही. निम्मं पेलेट खाणाऱ्या पक्ष्याला वरून जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालू नका. उरलेलं ताटात आपल्याच भाजी मंडईतून येतं. लाल भोपळा, गाजर, वाफवलेलं रताळं, लाल ढोबळी मिरची अ जीवनसत्त्वासाठी. शेवग्याचा पाला आणि नाचणी कॅल्शियमसाठी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मोड आणून दिली तर अंगी जास्त लागते. मेथी, कोथिंबीर द्या. पालक कधीतरीच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. हिरवी मिरची खुशाल द्या, तिचा तिखटपणा पोपटाला जाणवत नाही. पिंजऱ्याच्या जाळीला समुद्रफेनाचा तुकडा बांधा, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. चोच घासायला होतो आणि कॅल्शियमही जातं, मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

सकाळी भूक असते तेव्हा आधी भाज्या ठेवा, बिया दुपारनंतर, मोजून आणि बक्षीस म्हणून. आणि त्याच्यासमोर बसून तुम्ही स्वतः गाजर खा. थव्यात राहणारा पक्षी आहे, सोबतचे काय खातात ते बघून तो धीर करतो. याच कारणानं त्याला तुमचा चहा आवडतो. पण चहातलं कॅफिन त्याच्या हृदयाला झेपत नाही आणि दूध त्याला पचत नाही, त्यामुळे ती बुडवलेली पोळी आजपासून बंद. कोरडी, मीठ-तेल नसलेली पोळीची कड कधी दिली तर हरकत नाही. चॉकलेट, अवोकॅडो, कांदा, लसूण, खारे दाणे, फरसाण, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. अवोकॅडोचा लहान तुकडाही जीव घेऊ शकतो.

उन्हाची सोय गच्चीवर न चढताही होईल. गॅलरीच्या एका काचेच्या जागी बारीक मजबूत जाळी बसवून घ्या आणि सकाळचं कोवळं ऊन थेट आत येईल अशी ती बाजू निवडा. रोज वीस ते तीस मिनिटं पुरे, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग नेहमी सावलीत हवा, म्हणजे नको वाटलं तर तो सरकेल. जाळी घारीला आणि मांजराला पुरून उरेल अशी असावी, आणि तो बाहेर असताना तुम्ही तिथेच बसा. हे जमत नसेल तर पक्ष्यांसाठीचा यूव्ही-बी दिवा घ्या. तो वरून लावायचा, बाजूनं नाही, कारण डोळ्यांना त्रास होतो. किती अंतरावर आणि किती महिन्यांनी बदलायचा ते दिव्याबरोबरच्या माहितीपत्रकात असतं, आणि उजेड दिसत असला तरी ठरल्या वेळी तो बदलायचाच, कारण उपयोगी किरण आधी संपतात.

गॅलरी हॉलला लागून आहे, म्हणजे रात्रीच्या मालिका संपेपर्यंत बंड्या जागा असणार. त्याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. विषुववृत्ताजवळच्या पक्ष्याचा दिवस आणि रात्र बारा-बारा तासांचे असतात. झोप कमी पडली की तो चिडतो आणि पिसांवर राग काढतो. आतल्या खोलीत रात्रीसाठी एक लहान पिंजरा ठेवा, तिथेच झोपवा.

घरातल्या हवेबद्दल थोडं कडक लिहिते. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, फिनेल, यांतलं काही त्याच्या खोलीत नको. देवघर वेगळ्या खोलीत असेल तर दार लावून घ्या. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवायच्या आत पक्ष्याचा जीव घेतो, दुसऱ्या खोलीत असला तरी. पक्ष्याच्या फुप्फुसांतून ताजी हवा अखंड एका दिशेनं वाहते आणि प्रत्येक श्वासात तो आपल्यापेक्षा जास्त शोषून घेतो, त्यात विषही आलं. पोळ्या लोखंडी तव्यावरच करा.

सासूबाईंच्या खोकल्याला बंड्या कारण असू शकतो, आणि हे मी टाळून पुढे जाणार नाही. ग्रेच्या अंगावरून सतत पांढरी बारीक भुकटी झडते, काळ्या कपाटावर बोट फिरवलं की दिसेल. दम्याच्या माणसाला ती त्रास देते. त्यांच्या झोपायच्या खोलीत पिंजरा नको, पिंजऱ्याभोवतीची फरशी आणि कपाटं झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा, अंघोळ सुरू झाली की भुकटी आपोआप कमी होईल. त्याशिवाय सासूबाईंच्या डॉक्टरांना "घरात पोपट आहे" हे स्पष्ट सांगा. पोपटांपासून क्लॅमायडिया सिटासी नावाचा जिवाणू माणसाला लागू शकतो, ताप आणि न्यूमोनियासारखी लक्षणं येतात, आणि डॉक्टरांना पक्ष्याचं कळलं नाही तर निदान लांबतं. बंड्याची त्याची तपासणीही याच फेरीत करून घ्या. दोघांनाही औषध आहे.

हे सगळं मार्गी लागलं की मग मन. कारण तेही खरंच आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये शिकागोच्या एका दुकानातून एक ग्रे आणला, अॅलेक्स. 2007 मध्ये तो गेला तोवर तो सुमारे शंभर शब्द समजून वापरायचा, वस्तूचा रंग, आकार, ती कशाची आहे, सहापर्यंत किती आहेत हे विचारल्यावर सांगायचा. एवढी बुद्धी असलेला जीव दिवसभर एका गॅलरीत भरलेल्या वाटीपुढे बसून काय करणार? जंगलात अन्न शोधण्यात त्याचे तास जातात. बंड्याची वाटी पाच मिनिटांत संपते, आणि उरलेल्या दिवसासाठी त्याच्याजवळ फक्त स्वतःची पिसं असतात.

म्हणून खाणं लपवा. कोऱ्या कागदात गुंडाळून, मक्याच्या कणसाच्या सालीत बांधून, करवंटीला भोकं पाडून त्यात बिया घालून, टेप नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. शेवग्याची अख्खी शेंग दिली तर ती फाडत बसेल. बसायला पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या धुतलेल्या फांद्या, जाड-बारीक. नवी वस्तू सरळ पिंजऱ्यात ठेवू नका, काही दिवस खोलीत लांब ठेवा, तुम्ही स्वतः हाताळा, मग हळूहळू जवळ आणा. दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी त्याच्याशी काही तरी शिकण्या-शिकवण्याचं काम करा, एखादी काडी चोचीनं शिवायला सांगायची आणि शिवली की सूर्यफुलाची एक बी. ते बक्षीस म्हणून फार मोलाचं होतं. लाड करताना डोकं आणि मान एवढंच खाजवा. पाठ आणि पंखांखाली कुरवाळणं त्याच्या लेखी जोडीदाराचं वागणं असतं, त्यातून तो अस्वस्थ होतो आणि काही पक्षी त्यातूनही पिसं उपटतात.

पिसं उपटताना ओरडू नका, धावतही जाऊ नका. लक्ष मिळालं की ते शिकलेलं काम होतं. तो शांत बसून खेळत असेल तेव्हा जवळ जा आणि बोला. "आई, येतो गं" म्हणाला तर सहज उत्तर द्या, "ये रे बाबा," आणि तुमचं काम करत राहा. त्या आवाजाला तुम्ही दरवेळी गलबलून जाता, आणि तो ते बघतो, म्हणून कदाचित तो जास्त वेळा म्हणत असेल. मुलाला व्हिडिओ कॉलवर बोलायला सांगा, ठरलेल्या वेळी, थोडा वेळ. कॉलनंतर बंड्या खेळायला लागला तर चालू ठेवा, पिसांवर गेला तर काही आठवडे थांबवा.

पिसं परत येतील का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. येतात, महिने लागतात. खूप दिवस एकाच जागी उपटत राहिला असेल तर तिथली मुळं कायमची जाऊ शकतात. तुम्ही काही महिन्यांत लिहिलंत, म्हणून मला आशा बरीच आहे. उपटलेल्या जागी रक्त वाहू लागलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

दुसरा पोपट आणू नका. नवा पक्षी आजार घेऊन येऊ शकतो, दोघांचं जमेलच असं नाही, आणि बंड्याच्या कॅल्शियमला किंवा झोपेला त्यानं काही होणार नाही. शिवाय जंगलातून पकडून पकडून ही जात धोक्यात आली आहे, घानामध्ये 1992 नंतर तिची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसून आलं. म्हणूनच 2017 पासून जंगलातून पकडलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाखाली बंद आहे. कुठून आला हे कागदावर दाखवता येत नाही असा पक्षी विकत घेणं मला चालत नाही.

नोंदणीबद्दल मुलाला आजच विचारा. अशा परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांनी त्या परिवेश पोर्टलवर नोंदवायच्या, असा नियम केंद्र सरकारनं 2024 मध्ये केला. झालेली असेल तर प्रत तुमच्याजवळ ठेवा, झाली नसेल तर वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात जाऊन काय करायचं ते विचारा. पक्षी दुसऱ्याच्या ताब्यात दिला किंवा दगावला तरी ते कळवायचं असतं.

आणि नणंदेच्या म्हणण्यावर: आत्ता देऊ नका. आकडी येणाऱ्या, पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला नव्या घरात पाठवलं तर तिथल्या माणसांना त्याचं नेहमीचं वजन, नेहमीची शीट, नेहमीचा आवाज काहीच ठाऊक नसेल. आधी बरा होऊ दे. उपचार, ऊन आणि खाणं सहा महिने नीट चाललं आणि तरीही तुमच्या गुडघ्यांना, सासूबाईंच्या दम्याला हे झेपत नाही असं दिसलं, तर पक्षी सांभाळायचा अनुभव असलेलं घर शोधण्यात काही गैर नाही, मी त्यात मदत करीन. पण ते ठरवताना मुलाला बरोबर घ्या. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो, बंड्या नऊचा आहे. तुमच्या मागे तो कुणाकडे जाणार, हे त्या मुलानं आणि तुम्ही मिळून एका कागदावर लिहून ठेवा, वजनाच्या वहीतच ठेवलात तरी चालेल.

रक्ताचा अहवाल आला की त्यातले कॅल्शियमचे दोन्ही आकडे आणि बंड्याचं वजन मला कळवा. छातीचा एक फोटो, डोकं दिसेल असा, सोबत पाठवा.